आईने आतून कडी घातली

७ जुलै

माझ्या भिंगरीला, आईचे पोटभर आशीर्वाद.

काल दुपारी पोस्टमनने तुझं गाठोडं आणून दारात टाकलं. त्यात निघालं ते असं: दोन पोशाख, एक स्वेटर, चपला, केसांच्या तेलाची अर्धी बाटली (बूच सैल, त्यामुळे स्वेटरची वाट लागली) आणि तू निघताना मी दिलेली जपाची छोटी माळ. तिथे सगळं सरकारी मिळतं म्हणून घरचं परत पाठवलं म्हणे. गाठोडं बैरंग आलं. दुप्पट तिकिटाचे साडेचौदा रुपये मला भरावे लागले. सरकारला एवढी मोठी संस्था चालवता येते आणि तिकीट चिकटवता येत नाही? माळ तरी ठेवून घ्यायची होतीस. असो. नाव घ्यायला माळ लागत नाही.

मावशी तिथे नर्स आहे म्हणून मी निर्धास्त आहे. तिने तुझं नाव सुचवलं नसतं तर दहावीनंतर तुला शिकवायची माझी ऐपत नव्हती. आणि तेही कशासाठी, तर तुला लोकांच्या हरवलेल्या वस्तू बसल्या जागी दिसतात म्हणून! गल्लीतल्या बायका किल्ल्या शोधायला यायच्या तेव्हा मी त्यांना पिटाळून लावायची. आता तेच पोटापाण्याला आलं. देवाची करणी, दुसरं काय.

तुझ्या साहेबांचं छापील पत्रही आलंय. पालकांनी दर रविवारी पत्र लिहावं आणि आठवड्यात घरी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काय केलं ते तपशिलाने कळवावं, म्हणजे मुलांचं मन रमतं. मला हे फार पटलं. हिशेब तर मी लिहितेच, त्यात वेळ तेवढी घालायची.

तेव्हा ऐक. सोमवारी सकाळी पाण्याची टाकी घासली. मंगळवारी उशांचे अभ्रे शिवले, जुन्या चादरीचे. बुधवारी दुपारी तांदूळ निवडले. खडे इतके निघाले की पुडीत बांधून दुकानदाराकडे घेऊन गेले. तर म्हणतो, "काकू, खड्यांचे पैसे लावलेच नाहीत." म्हटलं, "वजनात तर लावलेस ना?" मूठभर तांदूळ वर घेऊनच आले.

समोरच्या खोलीत नवा भाडेकरू आलाय. घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला ती नळीसारखी काच लावून दिवसभर खिडकीत बसलेला असतो, गिऱ्हाईक एकही नाही. बिचारा. दोनदा चहा दिला. कप विसळून परत केला, म्हणजे चांगल्या घरचा असावा.

वेळेवर जेव. कुणाला उलट बोलू नकोस. तुझी जीभ मला माहीत आहे.

तुझी आई


१५ जुलै

आई,

पत्र मिळालं. फोडलेलं मिळालं, पण इथे सगळ्यांचीच फोडतात, त्यामुळे रुसायला जागा नाही.

आम्ही सात जण आहोत. इमारत म्हणजे जुनी गिरणी असावी. खिडक्यांच्या काचा माझ्या डोक्याच्या वरपर्यंत पांढऱ्या रंगाने रंगवल्यात. टाचा उंचावल्या की एक धुराडं दिसतं, ज्यातून धूर येत नाही. एवढंच बाहेरचं जग. शाळा म्हणशील तर वह्या नाहीत नि फळा नाही. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी एक खुर्ची आहे. तिच्यात बसायचं, डोक्याला पट्टा लावायचा, मग साहेब म्हणतात, "घरी जा." म्हणजे डोळे मिटून जायचं.

मी येते. तुला कळत नाही, पण मी येते. मंगळवारी दूध लवंडलंस ना? आणि फरशीवरचं फडक्याने टिपून मांजराच्या वाटीत पिळलंस! आई, किती गं तू चिक्कू! मी खुर्चीत एकटीच हसत सुटले. साहेब म्हणाले, "शाब्बास." ते कशालाही शाब्बास म्हणतात. ताट संपवलं, शाब्बास. शिंकलं, शाब्बास. आम्ही त्यांचं नावच शाब्बास साहेब ठेवलंय.

खुर्चीतून उठल्यावर नाकातून थोडं रक्त येतं. सगळ्यांनाच येतं. मावशी कापूस देते.

ज्यांचं बरोबर येतं त्यांना वरच्या मजल्यावर नेतात. इथे एका शिंप्याच्या जुळ्या मुली आहेत, थोरली आणि धाकटी. थोरली वर गेली. जिना चढताना आम्हाला जीभ दाखवून गेली. वरचे लोक जेवायलाही खाली येत नाहीत. पण धाकटी म्हणायची, "मला ऐकू येते ती, भाजीत मीठ नाही म्हणतेय." आता गेले काही दिवस धाकटी काहीच खात नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "ताई बोलत नाही. नुसती मोजते."

काय मोजते, ते तिला माहीत नाही.

पुढच्या पत्रात लांबलचक लिही.

भिंगरी


२१ जुलै

चिक्कू म्हणणाऱ्या लेकीस, आशीर्वाद.

दूध लवंडलं ते अक्षरन् अक्षर खरं. मंगळवार, सकाळचे पावणेआठ. मांजराचंही खरं. मागच्या रविवारच्या पत्रात मी लिहिलंच होतं, पण ते मिळण्याआधी तू सांगितलंस! साहेबांना म्हणावं, माझी मुलगी खोटं बोलत नाही आणि मीही खोटं लिहीत नाही. हवं तर माझी पत्रं तुझ्या उत्तरांशी ताडून पाहा म्हणावं.

नाकातून रक्त येतं ते मला आवडलं नाही. कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेव. मावशीला सांग, आईने विचारलंय म्हणून.

या आठवड्याचं: सोमवारी सकाळी अकरा वाजता जुनी गोधडी उसवायला घेतली. मंगळवारी दुपारी तीनला घासलेटवाला आला, भाव वाढलाय म्हणाला, अर्धंच घेतलं. शुक्रवारी घड्याळवाल्याने स्वतःहून विचारलं, "काकू, तुम्ही दुपारी झोपत नाही का?" म्हटलं, "झोपायला बसल्यावर काम कोण करणार, तुम्ही?" हसला. फार कमी बोलतो. वहीत काहीतरी टिपत असतो, गिऱ्हाइकाशिवाय कसला हिशेब ते देव जाणे.

शिंप्याच्या पोरीला जेवायला लाव. तुझ्या ताटातलं दे.

तुझी आई


१२ ऑगस्ट

ताई,

आधी दार लाव, मग वाच. वाचून झालं की चुलीत घाल.

औषधं आणायला आज मला गाडीने शहरात पाठवलं. ड्रायव्हर चहाला गेलाय आणि मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून लिहितेय. मुलांची पत्रं साहेब वाचून सोडतात, पोरांचं कोण खरं मानतंय; पण आम्हा नोकरांची अडवतात, म्हणून इतके दिवस तुला काही लिहिता आलं नाही. रजेचा अर्ज तीनदा दिला. घेतात, ठेवून देतात.

ताई, ती शाळा नाही. मला नोकरी देताना आजारी मुलांचं वसतिगृह सांगितलं होतं. भिंगरीचं नाव मी दिलं तेव्हाही मला तेवढंच माहीत होतं.

तू दर रविवारी लिहितेस ना, अमुक वाजता अमुक केलं? ते पत्र भिंगरीच्या हातात जाण्याआधी साहेबांच्या टेबलावर उघडं पडतं. एका बाजूला तुझं पत्र, दुसऱ्या बाजूला तिने खुर्चीत सांगितलेलं. जुळलं की लाल बरोबर. बाकीच्या आयांची पत्रं म्हणजे "आम्ही मजेत आहोत, तुम्ही मजेत असा." त्यावरून काय तपासणार? तुझं पत्र म्हणजे त्यांना छापील उत्तरपत्रिका मिळाली. भिंगरी सगळ्यांच्या पुढे गेलीय.

पुढे म्हणजे वर. वर घराचं काही विचारत नाहीत. तिथे अनोळखी माणसाचा फोटो समोर ठेवतात आणि "याच्याकडे जा" म्हणतात. आधी नुसतं जायचं. मग त्याच्या छातीतले ठोके मोजायचे. मग ते थांबवायचे. शिंप्याच्या थोरलीने एकाचे थांबवले. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा फोटो वर्तमानपत्रात आला, निधनाच्या बातमीवर. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसलीय आणि मोजतेय. मी भरवते तेव्हाही मोजते. तिचं नाव विचारलं तर आकडा सांगते.

भिंगरीची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पास झाली की जिना.

ज्यांचं चुकतं त्यांना घरी सोडतात. माळ्याची मुलगी चुकत राहिली, तिच्या कागदावर "निरुपयोगी" शिक्का मारून एसटीत बसवून दिली. घरी पोचल्याचं तिचं कार्डही आलं.

तेव्हा तिला चुकव. तू खोटं लिही. तुझ्या हातून व्हायचं नाही हे मला माहीत आहे. लहानपणी माझ्या खोड्यासुद्धा तू आईला वेळेसकट सांगायचीस. पण लिही.

ड्रायव्हर आला.

तुझी धाकटी बहीण


१८ ऑगस्ट

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

या आठवड्यात मी घरी फारशी नव्हतेच. सोमवारी दुपारी नाटकाला गेले. पहिल्या रांगेचं तिकीट काढलं. मंगळवारी टॅक्सी करून बाजारात गेले आणि रेशमी कापड घेतलं, भाव केला नाही. बुधवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून जेवण बाहेरून मागवलं. उरलं ते टाकून दिलं. गुरुवारी पूजा केली नाही. शुक्रवारी दिवसभर लोळत पडले.

घड्याळवाल्याला चहा देणं बंद केलंय. साखर काय फुकट येते?

हे सगळं खरं आहे. देवाला साक्षी ठेवून वगैरे लिहीत नाही, प्रत्येक गोष्टीत त्याला कशाला ओढायचं.

तुझी आई


२२ ऑगस्ट

महोदया,

आपले ता. १८ चे पत्र मिळाले. त्यात काही चुका राहून गेल्या आहेत. आपण हिशेबाच्या बाबतीत काटेकोर असल्याने आपणांस वाईट वाटेल, हे जाणून खाली दुरुस्ती देत आहोत.

सोमवार: नाटक नाही. आपण गोधडी शिवत होता. सुई दोनदा बोटात गेली.
मंगळवार: टॅक्सी नाही. बाजारात पायी गेलात, बटाटे व मेणबत्त्या आणल्यात. बटाट्यांचा भाव केलात.
बुधवार: बाहेरून काहीही आले नाही. आपण जेवलाही नाहीत.
गुरुवार: पूजा केलीत. नेहमीपेक्षा जास्त वेळ. रडलात.
शुक्रवार: पत्राचा मसुदा तीन वेळा लिहून फाडलात.

समोरचे घड्याळवाले आपल्या चहाची आठवण काढतात. तो बंद करू नये, अशी त्यांची विनंती आहे.

मुलीचे सांगणे व वरील दुरुस्ती तंतोतंत जुळते. मात्र आपल्या पत्रामुळे आधी घोटाळा झाला आणि मुलीला खुर्चीत बराच जास्त वेळ बसावे लागले. असे पुन्हा होऊ नये.

अंतिम बैठक गुरुवार, ता. ५ सप्टेंबर रोजी आहे. त्या दिवशी आपण घरीच असावे व नेहमीची कामे करावीत. घराबाहेर जाणे भाग पडल्यास समोर सांगून जावे. पत्रात तपशील यापुढे लिहिला नाही तरी चालेल.

आपला,
प्रमुख


२७ ऑगस्ट

आई,

का लिहिलंस असं? मी साहेबांना म्हणाले, माझी आई नाटकाला जाणारच नाही, फुकट तिकीट दिलं तरी येण्याजाण्याचा खर्च काढेल. ते म्हणाले, "मग कोण खोटं बोलतंय, तू की आई?" परत घरी जा. परत जा. परत जा. शेवटी कानातून रक्त आलं. मावशी पट्टा सोडायला पुढे झाली तर तिला खोलीबाहेर काढलं.

पण मी चुकले नाही. कशी चुकेन? डोळे मिटले की तू असतेसच. मी मुद्दाम चुकीचं सांगून पाहिलं, एकदा. त्या पट्ट्याला कळतं. खोटं बोललं की त्याला जोडलेल्या यंत्राची सुई हलते, आणि मग जे करतात ते मी लिहिणार नाही.

शिंप्याच्या धाकटीने काल जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बहिणीला हाका मारल्या. वरून आकडे ऐकू आले. आता आम्हालाही, नुसत्या कानांनी.

एक सांगू? आता मला खुर्चीचीही गरज पडत नाही. दुपारी खोलीचं दार बाहेरून लावतात, तेव्हा मी तुझ्याकडे येऊन बसते. स्वयंपाकघरात, पिंपाला टेकून. तू काहीतरी निवडत असतेस, पुटपुटत असतेस. तेवढाच वेळ मला श्वास घेतल्यासारखं वाटतं. बाकी सगळा वेळ मी भिंतीला हात लावून चालते.

पाच तारखेला मी येईन. काहीतरी शिजवत ठेव, वास येईल असं. आणि कृपा करून खोटं लिहू नकोस, आई. तू नुसती घरी अस.

भिंगरी


१ सप्टेंबर

माझ्या भिंगरीला, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. यापुढे खोटं लिहिणार नाही. लिहिण्यासारखं तरी माझ्याकडे काय उरलंय?

मी ठरवलंय, आता संसारातून मन काढून घ्यायचं. नाव घ्यायचं, दिवसभर. हाताने कामं होत राहतील, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे घरीच असेन, चहाही देईन. पण मन कामात नसेल. यात कुणाला खोटं लिहिल्याचा दोष देता यायचा नाही. पुण्याचंच काम आहे.

तुझ्या आजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या दळायला बसल्या की नाव घ्यायच्या. मी नवी नवरी. एकदा चुलीतला निखारा उडून त्यांच्या पदरावर पडला. मी ओरडले, त्यांनी मान वळवली नाही. मीच धावत जाऊन पदर विझवला. दळण उरकल्यावर विचारलं, "सासूबाई, मन कुठे गेलं होतं?" म्हणाल्या, "जाईल कुठे? इथेच होतं. घर झाडून रिकामं केलं की आत कुणी सापडत नाही."

"मी हाक मारली ती ऐकू आली नाही?"

"आली की. पण उठले नाही. एकदा उठलं की सगळं परत आत येतं."

मला ते शिकायला फार वर्षं लागली, आणि पूर्ण जमलं असं कधी वाटलं नाही. बाकी सगळं बाहेर ठेवता आलं. पैसे, भूक, तुझे बाबा गेले ते दुःख. एक तुला कधी बाहेर ठेवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी उठल्यापासून मी नावात असेन. घर रिकामं वाटलं तर घाबरू नकोस.

तुझी आई


१० सप्टेंबर

आई,

मी आले होते.

घर नव्हतं. पिंप नाही, चूल नाही, तू नाहीस. नुसता तो एक शब्द, एकामागून एक, एकामागून एक, विटा रचाव्यात तसा. मी वरून पाहिलं, खालून पाहिलं, फट नव्हती. साहेब कानाशी म्हणत होते, "काय शिजतंय? हातात काय आहे? कुठे बसलीय?" मला काही दिसलं नाही. मी खरंच सांगितलं, दिसत नाही. सुई हलली नाही.

मग मी तुला हाक मारली. साहेबांसाठी नाही गं, माझ्यासाठी. तुझी विटांची रांग क्षणभर अडखळली. म्हणजे तुला ऐकू गेलं. आणि तू परत सुरू केलंस.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. दुपारी दार लावल्यावर मी एकटीच आले, तेव्हाही तेच.

साहेब शाब्बास म्हणाले नाहीत.

तुझ्या देवाला माझ्यापेक्षा जास्त गरज होती का? मला पत्र पाठवू नकोस.


१४ सप्टेंबर

महोदया,

आपली कन्या अंतिम बैठकीत तिन्ही दिवस अनुत्तीर्ण झाली. तिच्या कागदावर "निरुपयोगी" अशी नोंद करून तिला बुधवारी घरी पाठवीत आहोत.

तथापि, समोरून आलेल्या नोंदी आम्ही बारकाईने वाचल्या. गुरुवारी आपण बटाटे सोललेत, कपडे वाळत घातलेत, चहा केलात. यातले काहीही मुलीला दिसले नाही. आजवर कोणत्याही माणसाने या मुलांपासून स्वतःला लपवलेले नाही. इतर देशांतही अशी मुले आहेत, आणि आपल्याकडील काही महत्त्वाच्या व्यक्तींना त्यांच्यापासून जपणे आवश्यक आहे. आपली ही विद्या शिकून घेण्याची आमची इच्छा आहे.

आपण संस्थेत राहावयास यावे. मुदत ठरलेली नाही. आपण आलात तर मुलीची फाईल कायमची बंद होईल. न आल्यास दोष मुलीत होता की अन्यत्र, हे पाहण्यासाठी ती पुन्हा उघडावी लागेल.

गाडी गुरुवारी सकाळी येईल. सामान आणू नये.

शाब्बास.

आपला,
प्रमुख


२० ऑक्टोबर

माझ्या भिंगरीला, आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायला आज परवानगी मिळाली. साहेब वाचून पुढे पाठवतील, म्हणून अक्षर सुवाच्य काढतेय.

मी बरी आहे. मावशी रोज भेटते, नाडी बघते, तिला बोलायची मनाई आहे म्हणून आम्ही एकमेकींकडे बघून घेतो. आत्या तुझ्या सोबतीला वेळेवर आली हे फार बरं झालं. तिला मीठ जास्त लागतं, तू तुझ्यापुरतं आधी काढून घेत जा.

तू आलीस त्या संध्याकाळी माझ्याकडे पाठ करून जेवलीस. मला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड वळवलंस तोवर गाडी दारात उभी होती. तुला जवळ घेऊन कानात सांगितलं तेवढ्यालाच वेळ मिळाला. नंतर गाडीच्या मागे धावलीस, म्हणजे तुला समजलं, असं मी धरून चालले आहे.

इथलं काम सोपं आहे. मी एका खोलीत बसते. पलीकडच्या खोलीत खुर्चीवर एक मूल बसवतात आणि साहेब त्याला म्हणतात, "त्या बाईंकडे जा." मी नाव घेत असते. साहेबांची इच्छा आहे की मी हळूहळू ते कसं करते हे दाखवून द्यावं. मी सगळं खरं सांगते. पहाटे उठा, नाव घ्या, अपेक्षा धरू नका. साहेब स्वतः महिनाभर बसले, पण त्यांचं मन लागत नाही. मी म्हटलं, "साहेब, अपेक्षा सुटत नाही तुमची." ते म्हणाले, "किती दिवस लागतील?" म्हटलं, "हेच ते."

एक गोष्ट मात्र मनाला लागते. बिचाऱ्या मुलांना माझ्या बाबतीत काहीच दिसत नाही. आणि सरकारी नियम असा, की तीन बैठका कोऱ्या गेल्या की कारण न बघता कागदावर तो शिक्का बसतो. मोठ्या भुवयांचा मुलगा गेला. त्याच्या पाठोपाठ चष्म्याची मुलगी गेली. काल शिंप्याची धाकटी बसली होती. तीन बैठका झाल्या, काही नाही. तिला पुढच्या गाडीने घरी पाठवणार आहेत. साहेब फार चिडले. म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे संस्था ओस पडेल." मी काय करणार? त्यांनीच तर नावात बसायला सांगितलं. आता खाली एकच मूल उरलंय. नवीन कुणी आणायचं तर वेळ लागतो म्हणे. थोरलीसाठी माझं काही चालत नाही. तिला खुर्चीत बसवत नाहीत आणि तिचे आकडे भिंतीतून ऐकू येतात. ते ऐकत मी नाव घेते. तिच्या वाट्याचंही घेते, पोचत असेल तर पोचो.

खिडकीची काच रंगवलेली आहे. मी टाचा उंचावून पाहिलं. तुझ्याइतकी मी उंच नाही.

आता तुझ्या वागणुकीबद्दल. लहानपणी तुला शिकवलं होतं, ज्या घराला आतून कडी आहे तिथे दार वाजवत उभं राहायचं नाही. आतलं माणूस रागावलेलं नसतं, आजारी नसतं. ते कामात असतं. त्याला ऐकू आलं तरी ते उठणार नाही, आणि बाहेरचं मूल ताटकळत उभं राहिलेलं कुणी बघितलं तर दोघांचीही शोभा होते. शुक्रवारी दुपारी तू कुठे होतीस? आत्याला तांदूळ निवडायला मदत करत होतीस ना? तेच करावं. रोज दुपारी तेच करावं. मन फारच भटकायला लागलं तर खडे मोज, वेगळे काढ, दुकानदाराला नेऊन दाखव. आणि तुझ्या त्या जुन्या छंदाबद्दल कुणी विचारलं, किल्ली शोध म्हणालं, कानातलं शोध म्हणालं, तर सांग की मला काही दिसत नाही, सरकारी कागदावर तसं लिहून दिलंय.

मला जे विचारायचं ते कागदावर विचार. पूर्ण तिकीट लाव. शिंप्याची धाकटी घरी पोचली का, ते तिच्या गावी पत्र टाकून काढून घे आणि मला कळव. समोरची खोली रिकामी झाली का, तेही कळव. आणि तू जेवतेस का, झोपतेस का, तुझ्या कानाचं कसं आहे, हे सगळं सविस्तर, उलट टपाली, तुझ्या हाताने लिहून पाठव. मी पत्राची वाट बघतेय. फक्त पत्राची.

तुझी आई